काकूंचं दचकणं : एका घरगुती संगीतसंग्रहाचा आवाज सारखा करताना

पार्श्वभूमी

मिरजेतले एक निवृत्त बँक कर्मचारी, वय ७१. माझ्या वडिलांचे मित्र, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. माझं काम ध्वनिमुद्रणाचं असल्यामुळे त्यांच्या घरातल्या प्रत्येक वाजणाऱ्या वस्तूची तक्रार माझ्याकडे येते. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

काकांचा संग्रह साधारण ६,२०० फायलींचा. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे कॅसेटी. २००६ ते २००९ या काळात त्यांनी स्वतः डेक संगणकाला जोडून रात्री-रात्री बसून त्या उतरवून घेतल्या. बहुतेक ख्याल, काही खाजगी बैठका, थोडी कीर्तनं. त्याशिवाय सीडींवरून घेतलेली गाणी, मित्रांनी पेनड्राइव्हमधून आणून दिलेली चित्रपटगीतं आणि भावगीतं, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरून कुणीतरी उतरवलेली नाट्यगीतं. प्रत्येक जण आपापला आवाज घेऊन या घरात आला.

ऐकण्याच्या जागा तीन. दिवसा लॅपटॉपवर फूबार२००० हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर. दर पंधरवड्याला लेकीकडे कोल्हापूरला जाताना गाडीत पेनड्राइव्ह. आणि रात्री उशाशी मेमरी कार्डवर चालणारा छोटा स्पीकर.

काकांच्या कानाबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावर ठरले. त्यांचं बालपण तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीजवळ गेलं. मिरजेच्या ज्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांची जवारी, म्हणजे तारेखालची घोडी घासून आणलेला झंकार, काढली जाताना ऐकत ते मोठे झाले. तानपुरा थोडा जरी बिघडला तरी त्यांना लगेच कळतो.

अडचण

काकांनी सांगितलेली अडचण अशी : "काही गाणी ऐकूच येत नाहीत, काही कान फोडतात. सगळ्यांचा आवाज सारखा करून दे."

काकूंनी सांगितलेली अडचण वेगळी होती. त्या चहा घेऊन आल्या आणि उभ्या-उभ्या म्हणाल्या, "अरे, मला गाण्याचा त्रास नाही. चाळीस वर्षं त्यातच झोपतेय मी. मला त्रास आहे तो दचकण्याचा."

मी त्या दिवशी काकांचं वाक्य वहीत लिहून घेतलं. काकूंचं घेतलं नाही. या प्रकरणातली पहिली चूक तीच.

आधी झालेला प्रयत्न

माझ्या आधी, दिवाळीत आलेल्या एका भाच्याने मनापासून मदत केली होती. त्याने संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नॉर्मलाइझ' नावाची सोय वापरून ३४० एमपी३ फायली सारख्या केल्या आणि त्याच नावाने परत साठवल्या. फरक काहीच पडला नाही, आणि तो का पडला नाही हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही दोन फायली शेजारी-शेजारी उघडल्या. पहिली कॅसेटवरचा एक विलंबित ख्याल, दुसरी नव्याने चकाचक करून काढलेल्या सीडीवरचं चित्रपटगीत. ख्यालाचं सर्वात उंच टोक उणे ०.६ डेसिबलवर, गीताचं उणे ०.१ वर (शून्य म्हणजे फाइलमध्ये मावणारा सर्वात मोठा आवाज). म्हणजे टोकं जवळपास सारखीच. पण सरासरी जाणवणारा आवाज मोजला तर ख्याल उणे २७ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं एकक, जितकं शून्याच्या खाली तितका आवाज हळू) आणि गीत उणे ९. अंतर १८ डेसिबल. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, यावरून काकू का दचकतात ते लक्षात येईल.

भाच्याने वापरलेली सोय फक्त टोक बघते. टोक शून्याला टेकेपर्यंत सगळी फाइल वर उचलते. ख्यालाला मिळाले ०.६ डेसिबल, गीताला ०.१. अठराचं अंतर साडेसतरावर आलं. शिवाय एमपी३ उघडून परत एमपी३ केल्यामुळे आवाजाचा थोडा कस गेला तो वेगळाच. सुदैवाने जुन्या हार्ड डिस्कवर त्यातल्या बहुतेक फायलींच्या मूळ प्रती निघाल्या. भाच्याला मी दोष देत नाही. त्या बटणाचं नावच फसवं आहे.

मग ख्यालाचं टोक इतकं उंच कसं, हा प्रश्न उरला. फाइल मोठी करून पाहिली. आलाप शांत, नदीसारखा सपाट, आणि सतराव्या मिनिटाला एकच उभी रेघ. पुढे आणखी दोन. काकांनी रेघ बघितली आणि लगेच म्हणाले, "ते डेकचं पॉजचं बटण. रेकॉर्ड करताना चहा आला की मी दाबायचो." अख्ख्या पंचेचाळीस मिनिटांचा आवाज तीन खटक्यांनी अडवून धरला होता. खटके सोडले तर गाण्याचं खरं टोक उणे ९ वर होतं.

समोर असलेले पर्याय

जाणवणारा आवाज मोजायची पद्धत आता पक्की आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० ही मोजणी ठरवली. कानाला जास्त जाणवणाऱ्या स्वरपट्ट्याला त्यात जास्त वजन मिळतं. युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये तिच्यावर आर१२८ ही शिफारस उभी केली आणि कार्यक्रमांसाठी उणे २३ एलयूएफएस हा दर्जा ठेवला. शांतता आणि अगदी हलके भाग मोजणीतून वगळण्याची युक्तीही त्यात आहे. घरगुती संग्रहासाठी त्याच्याही आधीपासून, २००१ पासून, डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेली रिप्लेगेन पद्धत आहे. तिची आजची आवृत्ती याच मोजणीवर चालते आणि उणे १८ एलयूएफएस हा मधला बिंदू धरते.

काकांनी रास्त प्रश्न विचारला : "मोबाइलवर गाणी लावतो तेव्हा असं का होत नाही?" कारण ते काम तिथे आपल्या नकळत झालेलं असतं. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस धरून प्रत्येक गाणं वरखाली करतं. आपल्या स्वतःच्या फायलींसाठी ते आपणच करायचं.

करायचं कसं, याचे तीन रस्ते होते.

पहिला, फाइलला हात न लावता तिच्यावर फक्त चिठ्ठी चिकटवायची : 'हिला वाजवताना इतके डेसिबल कमी कर.' रिप्लेगेन हेच करतं. वाजवणाऱ्याने चिठ्ठी वाचली की काम झालं, नको असेल तेव्हा काढून टाकता येते. अडचण एवढीच की काकांच्या गाडीतली यंत्रणा आणि उशाचा स्पीकर या चिठ्ठ्या वाचतच नाहीत.

दुसरा, एमपी३ फायलींचा आवाज फाइलच्या आतच बदलायचा, पण उघडून परत एमपी३ न करता. एमपी३च्या प्रत्येक तुकड्यात 'ग्लोबल गेन' नावाचा एक आकडा असतो. एमपी३गेन हे सॉफ्टवेअर तो आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायरीने बदलतं. कस जात नाही, आणि मागे फिरण्यासाठीची नोंद फाइलमध्येच राहते.

तिसरा, गाण्याच्या आतलाच चढउतार दाबून टाकायचा. हळू भाग वर, मोठा भाग खाली. गाडीसाठी आणि रात्रीसाठी हा रस्ता फार मोहात पाडणारा आहे. मी एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधला, आवाज सारखा करणारा लाउडनॉर्म फिल्टर एका फेरीत चालवून त्याच ख्यालाची एक प्रत काकांना ऐकवली. एका फेरीत तो पूर्ण फाइल आधी न मोजता, चालता-चालता आवाज बदलत राहतो. गायक श्वास घ्यायला थांबले की तानपुरा आणि त्याच्यामागून कॅसेटची सूं-सूं भरतीसारखी वर यायची, आणि गळा लागला की परत खाली जायची. काकांनी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं. "तानपुरा मागे बसलेला असतो रे," ते म्हणाले. "हा दर वेळी उठून पुढे येतोय."

तिसरा रस्ता तिथेच बंद झाला. तोच फिल्टर दोन फेऱ्यांत, आधी मोजून आणि मग संपूर्ण फाइल एकसारखी उचलून, नीट वापरता येतो. पण मग ते काम चिठ्ठीनेही होतं.

पहिला कठीण निर्णय : गाणं की अल्बम

मोजणी दोन तऱ्हांनी होते. एकतर प्रत्येक फाइल सुटी मोजायची, नाहीतर अख्खा अल्बम एकत्र मोजून सगळ्या फायलींना सारखीच घट-वाढ द्यायची. चित्रपटगीतांच्या मिसळीसाठी सुटी मोजणी चांगली, याबद्दल वाद नव्हता.

ख्यालाचं तसं नाही. काकांच्या कॅसेटींवर ए बाजूला विलंबित आणि बी बाजूला त्याच रागाचा द्रुत, असं बऱ्याच ठिकाणी आहे. आम्ही एक जोडी सुटी मोजून वाजवली. विलंबित संपताना आवाज चढत-चढत भरात आलेला, आणि बाजू बदलताच द्रुताचा पहिला आवर्तन अंग चोरून सुरू झाला. मोजणीच्या दृष्टीने बरोबरच होतं, कारण दोन्ही बाजूंची सरासरी तंतोतंत सारखी केलेली होती. पण बैठकीत बसलेल्या माणसाला गायक मध्येच दहा पावलं मागे गेल्यासारखं वाटेल. म्हणून ख्याल, कीर्तन आणि बैठकांना अल्बमची मोजणी द्यायची, असं ठरलं.

इथे माझी दुसरी चूक झाली. मी संग्रहाचा पूर्ण भाग निवडला, 'टॅगनुसार (फाइलमध्ये नोंदलेल्या कलाकार-अल्बमच्या नावांनुसार) अल्बम धरून मोज' असं सांगितलं आणि संगणक रात्रभर चालू ठेवून घरी आलो. तीन दिवसांनी काकांचा फोन : "सनई कुठे गेली? कान लावून ऐकावी लागतेय."

संग्रहातल्या ३८० फायली इंटरनेट नसताना सीडीवरून घेतलेल्या होत्या. त्या सगळ्यांच्या टॅगमध्ये कलाकार 'अननोन आर्टिस्ट' आणि अल्बम 'अननोन अल्बम'. सनई, लावण्या, मुलांची बडबडगीतं आणि दोन ब्रास बँडच्या सीडी हे सगळं एकच अल्बम धरून मोजलं गेलं. बँडने मोजणी वर खेचली आणि सनईला शिक्षा झाली. अल्बमच्या घट-वाढीचा रकाना उघडून पाहिला असता तर एका नजरेत दिसलं असतं : एकच आकडा, उणे ७.३, पानामागून पान खाली उतरत गेलेला. चिठ्ठ्याच होत्या म्हणून निभावलं. काढल्या, फोल्डरला अल्बम मानून परत मोजल्या. फाइलच्या आत बदल केला असता तर हे निस्तरायला आठवडा गेला असता.

दुसरा कठीण निर्णय : खटके

चिठ्ठीतली मोजणी उणे १८ वरच राहू दिली, पण लॅपटॉपवर वाजवताना सगळं आणखी ४ डेसिबल खाली ठेवलं. शांत गाण्यांना वर यायला जागा हवी होती. या हिशेबाने त्या ख्यालाला ५ डेसिबल वाढ मिळायला हवी. पण टोक उणे ०.६ वर असताना ५ वाढवले तर खटके छताला आपटून फुटणार, आणि फुटू नये म्हणून असलेली सोय चालू ठेवली तर वाढ मिळणार फक्त ०.६ ची. तीन खटक्यांसाठी पंचेचाळीस मिनिटं मुकी राहणार.

खटके काढायचे तर मूळ, न दाबलेल्या वेव्ह फायली हव्यात, एमपी३वर करवत चालवून परत एमपी३ करणं मला पटत नाही. काकांनी त्या वेव्ह फायली डीव्हीडींवर जपून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर रागाचं नाव आणि तारीख. दोन रविवार आम्ही त्या एकेक करून लावल्या. जवळजवळ एक चतुर्थांश वाचल्याच गेल्या नाहीत. वरचा थर दुधी पडलेला, ड्राइव्ह नुसता फिरत राहायचा. काका अशी प्रत्येक डीव्हीडी कापडाने पुसून परत-परत लावून बघत होते, त्या वेळी मी घाई केली नाही.

ज्या वाचल्या, त्यांच्यातले खटके ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने दुरुस्त केले. तिथली 'रिपेअर' ही सोय एका वेळी फक्त १२८ नमुन्यांवर चालते, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद. सुईने टाका घालण्यासारखं काम. त्या ख्यालाचे तीनही खटके गेले, टोक खरोखरच उणे ९ वर आलं, ५ डेसिबल वाढवल्यावरही वर ४ डेसिबल मोकळे राहिले. दुरुस्त प्रती फ्लॅकमध्ये, म्हणजे कस न गमावता साठवणाऱ्या प्रकारात, ठेवल्या. ज्यांच्या डीव्हीडी गेल्या त्यांचे एमपी३ खटक्यांसकट तसेच ठेवले. ते थोडे हळू वाजतात, आणि काकांना ते मान्य आहे.

नाट्यगीतांचा प्रश्न वेगळा निघाला. मोजणीने ती बाकीच्यांच्या बरोबरीला आली, तरी कानाला टोचत होती. जुन्या तबकड्यांवर खर्ज आणि वरचा झगमगाट जवळजवळ नाही, सगळी ताकद मधल्या पट्ट्यात, आणि वर सुईची अखंड खरखर. यंत्राच्या आकड्यावर मी तिथे भरवसा ठेवला नाही. काकांना बाजूला बसवून एकेक गीत ऐकलं आणि बहुतेकांच्या चिठ्ठीत २ ते ३ डेसिबल हाताने कमी केले.

गाडी आणि रात्र

गाडीसाठी पेनड्राइव्हवर वेगळी प्रत केली आणि तिच्यावर एमपी३गेन चालवलं, सुटी मोजणी, त्याचा मूळचा ८९ डेसिबलचा दर्जा. अर्ध्या फायलींवर त्याने चूक दाखवली. कारण शोधायला वेळ लागला : काकांनी फायलींची नावं मायेने देवनागरीत टाइप केली होती, आणि हे जुनं सॉफ्टवेअर युनिकोड नावं उघडू शकत नाही. पेनड्राइव्हच्या प्रतीत नावांऐवजी अनुक्रमांक दिले, आतले देवनागरी टॅग राहू दिले. मूळ संग्रहातल्या एकाही नावाला हात लावला नाही. तशी विनंती नव्हती, पण ती नावं हाही त्या संग्रहाचाच भाग आहे.

ख्याल गाडीत चालत नाही, हे आम्ही मान्य करून टाकलं. हायवेवर आलाप टायरच्या आवाजात बुडतो, आणि तो ऐकू यावा इतका आवाज मोठा केला की द्रुतात काच थरथरते. त्यावर उपाय फक्त आतला चढउतार चिरडण्याचा, आणि तो दरवाजा आम्ही बंद केला होता. पेनड्राइव्हवर भावगीतं, नाट्यगीतं आणि चित्रपटगीतंच राहिली.

रात्रीच्या कार्डासाठी मी आधी सगळं सुट्या मोजणीने सारखं करून, फायली मिसळून वाजवायचा बेत केला. दोन रात्री वापरून झाल्यावर काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कमी झालंय, पण होतंच." कशाने, ते त्यांनी नीट सांगितलं : एक राग निवतो आणि दुसरंच काहीतरी पहिल्याच सेकंदाला पूर्ण ताकदीने सुरू होतं. सरासरी सारखी असली तरी गाणी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते सारखं नसतं. आणि चाळीस मिनिटांत हळूहळू चढत गेलेला द्रुत? "त्याने मी कधीच उठले नाही."

ते पहिल्या दिवशीचं वाक्य मला तेव्हा कळलं. झोप मोडत होती ती मोठ्या आवाजाने नव्हे, उडीने. रात्रीच्या कार्डावरून चित्रपटगीतं काढली, मिसळून वाजवणं बंद केलं, अल्बमच्या मोजणीने केलेले पूर्ण राग तेवढे ठेवले आणि दोन रागांच्या मध्ये १५ सेकंदांची शांत फाइल घातली. आतला चढउतार जसा गायकाने ठेवला तसाच राहिला.

काय निष्पन्न झालं

लॅपटॉपवर कुठलीही चित्रपटगीतं आणि भावगीतं मिसळून लावली तर आता आवाजाच्या बटणाला हात लागत नाही. पेनड्राइव्हवरच्या फायली दीड डेसिबलच्या पायरीइतक्या फरकात आहेत. खटके असलेले एमपी३ आणि टाळ्यांनी भरलेल्या दोन-तीन बैठका अजून वेड्यावाकड्या आहेत. टाळ्या मोजणीत धरल्या जातात आणि गाणं तेवढं खाली जातं, ते भाग कापून वेगळे करायचे राहिलेत. काकू दचकत नाहीत. पंधरा सेकंदांच्या शांततेत आपल्याला मागच्या नारळाची सळसळ ऐकू येते, असं त्या म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, घरात ऐकणारी माणसं किती आणि कोण, हे विचारून मग संगणक उघडायला हवा होता. काकूंना पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारले असते तर रात्रीचं कार्ड मी तीनदा केलं नसतं.

टॅग आधी, मोजणी नंतर. निदान 'अननोन' शब्द शोधून बघायला दोन मिनिटं लागली असती. आणि मोजणी झाल्यावर आकड्यांच्या रकान्यावरून एकदा नजर फिरवणं, हे मी कामावर रोज करतो. इथे घरचं काम म्हणून केलं नाही, ते करायला हवं होतं.

डीव्हीडींबाबतचं मला सगळ्यात जास्त लागलं. पाच वर्षांपूर्वी काकांनी सहज म्हटलं होतं की त्या एकदा कॉपी करून घेऊ या. त्या वर्षी घेतल्या असत्या तर कदाचित सगळ्या वाचल्या असत्या.

माळ्यावर अजून ४३ कॅसेटी आहेत, कधीच न उतरवलेल्या. गेल्या महिन्यात काकांनी डेक दुरुस्त करून आणला. रेकॉर्डिंग २४ बिटवर, टोक उणे १० च्या आसपास, जागा मोकळी ठेवून. पहिली कॅसेट लावली तेव्हा काकू चहा घेऊन आल्या, आणि काकांनी हातानेच थांबायला सांगितलं. बाजू संपेपर्यंत पॉजच्या बटणाला त्यांनी बोट लावलं नाही.